बारा रूपालींचा संघ

आपला बास्केटबॉलचा संघ बाहेरच्या देशात जाऊन हरला की पेपरात खेळाच्या पानावर तळाला बोटभर बातमी येते. ती कुणी वाचत नाही. आमच्या आळीतला किराणावाला तेवढा वाचतो आणि मी साखर घ्यायला गेले की विचारतो, "बाई, सगळ्या राज्यांतनं येचून येचून न्येत्यात ना वो पोरी? मंग हरत्यात कशा काय?"

काट्यावर साखर असते, मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. "सांगते कधीतरी," म्हणून मी घरी येते आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. भाजी करपते. शिवायला घेतलेल्या ब्लाउजची बाही उलटी लागते. उसवते, पुन्हा लावते, पुन्हा उलटीच. म्हटलं, या दिवाळीला एकदाचं लिहूनच काढू.

आणि हे काही आपलंच दुखणं नाही. ज्या देशात हा खेळ जन्मला त्यांचासुद्धा मोठमोठ्या नावांचा संघ परदेशात मार खाऊन आलेला आहे. तेव्हा उंची कमी, खाणं कमी, सराव कमी ही आपली नेहमीची कारणं खरी असली तरी पुरी नाहीत. उरलेलं कारण मला ठाऊक आहे, कारण ती चूक मी माझ्या हातानं केलेली आहे. देशाच्या संघाच्या निवडीत नाही, जिल्ह्याच्या. पण चूक तीच.

मी मुळात शिवणाची बाई. माहेर अवसरी बुद्रुकचं, सासर आळेफाट्याहून जुन्नरला जाताना लागणाऱ्या एका गावातलं. जुनी अकरावी आणि शिवणकामाचा डिप्लोमा एवढ्यावर गावच्या शाळेत लागले. नव्वदच्या आसपास पीटीचे सर बदलून गेले आणि दुसरे येईनात. हेडसर म्हणाले, "बाई, तुम्ही निदान मुलींना रांगेत तरी उभं करा." केलं उभं. मुली म्हणाल्या, "आता काय, बाई?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी खेळाचं कपाट उघडलं. आत गंजलेल्या लेझिमा, फाटकं नेट, हवा गेलेला एक बास्केटबॉल आणि त्या खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक. डिक्शनरी शेजारी ठेवून सुट्टीत मी ते पुस्तक वाचून काढलं. शिवणाची पुस्तकं वाचायची सवय होती, म्हणजे मापं आणि आकृत्या. हाही खेळ मला मापं आणि आकृत्यांचाच दिसला. कधी खेळलेलं नाही, कधी बघितलेलं नाही, आणि शिकवायला उभी राहिले. आज विचार केला तर माझीच मला कमाल वाटते. थोडी लाजही वाटते, पण कमाल जास्त.

रिंग केली आळेफाट्याच्या पोपटभाऊंनी. त्यांचं वेल्डिंगचं गॅरेज. ट्रकच्या बॉड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असली कामं. मी आकृती दाखवली तर म्हणाले, "बाई, ह्याला बूड न्हाई?"

"नाही."

"मंग टाकल्यालं ऱ्हातंय कुठं?"

"खाली पडतं."

"मंग टाकायचं कशाला वो?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण रिंग त्यांनी केली, चांगली मजबूत केली. फक्त माप आतून धरायचं ते बाहेरून धरलं, त्यामुळं ती इंचभर लहान झाली. हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं. तोवर आमच्या पोरींचा नेम बघून बाहेरगावचे कोच तोंडात बोट घालत होते.

सगळ्यांत भारी नेम पोपटभाऊंच्याच रूपालीचा. उंच, काटक, आणि हातात बॉल आला की चेहरा असा व्हायचा की हिला आता देव आला तरी थांबवू शकणार नाही. तिला मी शिकवलं असं म्हणणार नाही. ती होतीच तशी. तिच्यासारखी एक मुलगी शिक्षकाला आयुष्यात एकदा मिळते, मला मिळाली.

आणि दुसरी मंदा.

मंदा जुन्नरच्या पश्चिमेची, घाटाच्या अगदी कडेच्या गावातली. तिकडं भात, नाचणी, वरई. पाऊस इतका की चार महिने माणसं इरली डोक्यावर घेऊनच दिसतात. शिकायला ती आमच्या गावच्या मुलींच्या होस्टेलात राहायची. बुटकी. नेम अगदी साधा. पळायलाही काही फार नाही. पहिल्या वर्षी मी तिला बॉल आणायला ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग माझ्या लक्षात आलं की मंदा ज्या बाजूला असते ती बाजू जिंकते. सराव करताना मी पाच-पाच जणी पाडायची. मंदाला कुठल्याही पाचांत टाका, ते पाच जिंकायचे. रूपालीला तिच्याविरुद्ध टाका, तरी. मला वाटलं नशीब असेल. म्हणून एक महिना मी वहीत लिहून ठेवलं. नशीब नव्हतं.

आता बाहेरच्या वाचकासाठी खेळ दोन शब्दांत सांगते. दोन्ही टोकांना दहा फुटांवर रिंग. एका बाजूच्या पाच जणी. बॉल हातात धरून पळायचं नाही, आपटत न्यायचा किंवा दुसरीला द्यायचा. आणि बॉल एकच. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाच्याही लक्षात राहत नाही. पाचांतल्या चौघींच्या हातात बॉल नसतो. त्या चौघी त्या वेळात काय करतात, त्यावर सगळा खेळ चालतो.

मंदा त्या वेळात कामं करायची. रूपालीच्या मागं लागलेल्या मुलीच्या वाटेत जाऊन खांबासारखी आड उभी राहायची, म्हणजे रूपाली मोकळी. बॉल हातातून गेला की बाकीच्या हळहळत उभ्या राहायच्या, ही तोवर आपल्या रिंगखाली पोचलेली. आणि सारखी ओरडायची. "रूपे, मागं! शैला, डावीकडं हाय बघ ती!" मी एकदा विचारलं, "तुला सगळ्या दहा जणी एकदम दिसतात कशा गं?"

म्हणाली, "गुरं वळताना मधल्या गायीकडं बघायचं नसतं बाई. मधली कुठं जात न्हाई. कडंच्या बघायच्या."

त्या पोरींनी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. मी शिवलेले डिव्हायडर घालून. तेव्हा हाफ पँट म्हटलं की पालक मुलगी घरी बसवायचे, म्हणून मी दोन पायांचा घेरदार झगा शिवला होता, उभं राहिलं की परकर, पळालं की पँट. पुण्याच्या मुली हसल्या. मॅच संपल्यावर हसल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या संघटनेचं पत्र आलं. राज्य स्पर्धेला जिल्ह्याचा मुलींचा संघ जाणार, आणि त्याची कोच मी. पदवी नसलेली, खेड्यातली, शिवणाची बाई. ते पत्र मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडत होते. कुणी काही विचारलं की पर्स उघडायची.

मंदा तेव्हा दहावीत होती. होस्टेल दहावीपर्यंतच. पुढं पुण्यात सरकारी क्रीडा वसतिगृह होतं. राज्य स्पर्धेत खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की तिथं सरळ घ्यायचे, राहणं, जेवण, कॉलेज सगळं फुकट. मंदाची आई एकदा एसटीनं शाळेत आली होती. दारातच उभी राहिली, आत काही येईना. म्हणाली, "बाई, कागद मिळाला तर जाऊ द्या तिला. आमी आडवं येत न्हाई. न्हाई मिळाला तर मला भाताच्या लावणीला माणूस पायजे. मग घरीच घिऊन जाते." सरळ बोलणं. मी म्हटलं, "मिळेल."

निवड पुण्यात, एका ऑफिसात झाली. टेबलावर स्पर्धेच्या स्कोअरशीटा. स्कोअरशीट म्हणजे मॅच चालू असताना टेबलावरचा माणूस भरतो तो तक्ता. कुणी किती पॉइंट केले, कुणी किती फाऊल केले. बस्स. आड कुणी उभं राहिलं, परत कोण पळालं, ओरडून कुणी सावध केलं, याला त्यात रकानाच नाही. निवडीची पद्धत अशी की पॉइंटांप्रमाणं नावं लावायची आणि मोठ्या प्रत्येक शाळेची एक तरी आत आहे ना ते बघायचं, म्हणजे कुठल्या संस्थेचा फोन येत नाही.

रूपाली पहिलीच होती. पुण्याच्या चौघी, एकीपेक्षा एक. मंचरकडची एक लांबून टाकणारी. अशी अकरा नावं झाली. बाराव्या जागेला दोन नावं उरली. एक पुण्याचीच, जवळजवळ सहा फूट, दोन मॅचमध्ये पॉइंटांचा पाऊस पाडलेली. दुसरं मंदाचं, ते मीच सुचवलेलं. पूर्ण स्पर्धेत सहा पॉइंट.

सेक्रेटरी साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "बाई, कोच तुम्ही. तुम्ही म्हणाल ती."

म्हणजे बघा, कुणी अडवलं नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. आणि मी मंदाच्या नावावर काट मारली.

का मारली, याच्यावर मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा येरझाऱ्या घातल्यात की आता खरं कारण कुठलं आणि नंतर रचलेलं कुठलं ते वेगळं करता येत नाही. एक, त्या खोलीतले लोक म्हणतील की गावची बाई आली आणि स्वतःच्या शाळेची सहा पॉइंटवाली घुसवून गेली. दुसरं, हाव. अकरा जणी अशा की प्रत्येकीला बघायला माणसं जमतात. मला बारावीही तशीच हवी झाली. शिवणाच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा दुकानातलं सगळ्यांत भारी कापड समोर टाकून "घ्या" म्हणत होते. मी अस्तर घ्यायला विसरले.

गावी आले तर मंदा होस्टेलच्या पायरीवर बसलेली. "बाई, लागली का यादी?"

मी म्हटलं, "नाही गं जमलं. तिथं पुण्याची माणसं असतात. ती कागद बघतात."

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "रूपीला सांगा, उजवीकडनं कुणी आड आलं की ती थांबती. थांबू नको म्हणावं."

आठ दिवसांचं शिबिर झालं. असा सराव मी जन्मात बघितला नव्हता. एकेक बॉल असा जायचा की रिंगला शिवायचाही नाही. बघायला आलेले लोक म्हणायचे, "बाई, ट्रॉफीला जागा करून ठेवा." मला रात्री झोप यायची नाही, आनंदानं. एक गोष्ट मात्र खटकायची, पण मी ती खटकू दिली नाही. मैदान फार शांत होतं. बारा जणी खेळायच्या आणि कुणी ओरडायचं नाही.

राज्य स्पर्धा मोठ्या शहरात, बंदिस्त हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर. पहिली मॅच सहज जिंकलो. दुसरी एका लांबच्या जिल्ह्याशी. त्यांच्या पोरी आमच्या खांद्याला लागत होत्या. एकाच शाळेच्या सगळ्या, पाचवीपासून बरोबर खेळलेल्या. त्यांच्या कोचकडं शिट्टीसुद्धा धड नव्हती, दोऱ्याला बांधलेली प्लॅस्टिकची.

आमची पहिली पाच मिनिटं डोळ्यांचं पारणं फेडणारी. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. रूपालीवर एक मुलगी लावली, जी बॉलकडं बघतच नव्हती, फक्त रूपालीकडं. रूपाली पाणी प्यायला गेली असती तर मागं गेली असती. आमच्याकडं तिला सोडवायला आड उभं राहणारं कुणी नव्हतं. कुणाला ते येत नव्हतं असं नाही. पण आजवर त्या प्रत्येकीसाठी दुसरं कुणीतरी आड उभं राहायचं. प्रत्येकीच्या गावी, प्रत्येकीच्या शाळेत एक मंदा होती, आणि त्या सगळ्या मंदा आम्ही घरी ठेवून आलो होतो.

मग प्रत्येकीनं स्वतः करायला घेतलं. बॉल मिळाला की टाक. दुसऱ्यांदा कधी मिळेल कुणास ठाऊक. चुकला की पाचही जणी तिथंच उभ्या, कुणी छताकडं बघतंय, कुणी हात झटकतंय, आणि पलीकडं त्या बुटक्या पोरी दोनदोन करून बॉल टाकून परत येताहेत. मी टाइमआउट घेतला. बारा जणी भोवती उभ्या राहिल्या. एकमेकींकडं न बघता. पुण्याची एक म्हणाली, "मॅडम, मला पासच देत नाहीत." दुसरी म्हणाली, "मी मोकळी होते." तिसरी, "मीपण मोकळी होते." सगळ्या मोकळ्या होत्या आणि बॉल कुणाकडं जात नव्हता.

रूपालीनं एकदा आमच्या बाकाच्या टोकाकडं पाहिलं, जिथं शाळेच्या मॅचला टाइमआउट झाला की मंदा सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी असायची. मग माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडून काहीतरी आकृती काढायला लागले.

हरलो. दणकून नाही, सहज हरलो, ते जास्त लागतं. परतीच्या गाडीत लोक म्हणाले, लाकडी जमिनीची सवय नव्हती, पंच तिकडचे होते. खरंच होतं तेही. मातीवर खेळलेल्या पोरींचा बॉल लाकडावर वीतभर जास्त उसळतो. पण त्या बुटक्या पोरीही मातीवरच्याच होत्या.

परत आल्यावर मी मंदाची फाईल घेऊन त्या क्रीडा वसतिगृहात गेले. म्हटलं सर्टिफिकेट नसेना का, माणसं आहेत, समजतील. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "सहा पॉइंट? मग ही करते काय?"

"साहेब, ही असली की टीम जिंकते."

"म्हणजे काय करते?"

"ते ही नसली की कळतं."

ते हसले. चांगले हसले, टोचून नाही. "बाई, नसण्याचं सर्टिफिकेट मी कसं देऊ? चाचणीला आणा."

आणली. चाचणी कशी, तर एकेकीची. एकटीनं पळ. एकटीनं उडी मार. खुंट्यांमधून एकटीनं बॉल ने. एकटीनं रिंगमध्ये दहा टाक. मंदानं दहातले चार टाकले. ती तिथं अशी दिसत होती, जसं चार माणसांत छान बोलणाऱ्या बाईला एकटीला खोलीत बसवून "बोला" म्हणावं. परत येताना ती एसटीत म्हणाली, "बाई, तिथं दुसरं कुणी खेळायलाच नव्हतं." परीक्षा झाली तसं तिची आई आली आणि तिला घेऊन गेली. पत्र्याची पेटी टपावर चढवायला मी हात लावला. पावसाळा लागला की लावणी होती.

त्यानंतर मी खूप वर्षं शिकवलं. बरे-वाईट संघ झाले. रूपाली पुढं गेली. तिला खेळावर नोकरी लागली, राज्याकडून खेळली, आणि दोन हजार साल उलटून गेल्यावर तिचं नाव देशाच्या संघात आलं. पोपटभाऊंनी गॅरेजवर पेढे वाटले. ट्रक थांबवून ड्रायव्हरांना देत होते. "माझी पोरगी इंडिया खेळती. त्या बिनबुडाच्या रिंगणात टाकून!"

परदेशातून संघ आला तो सगळ्या मॅच हरून. मग एक दिवस रूपाली माझ्या दारात. चहा तसाच ठेवून माझ्या छोट्या खोलीत इकडून तिकडं फिरत राहिली.

"बाई, तिथं बारा रूपाली होत्या," म्हणाली.

"बस आधी."

"बारा. सगळ्या आपापल्या राज्याच्या. शिबिर तीन आठवड्यांचं. समोरच्या पोरी शाळेपासून एकत्र. त्यांच्यातली एक मला चिकटली, बॉलकडं बघतच नव्हती. आपल्याकडं ज्याला फाऊल देतात त्याला तिथं पंच शिट्टीच वाजवत नाहीत. रिंगवर घड्याळ, बॉल टाकायला सेकंद मोजलेले. मी हात वर करून उभी, पलीकडं केरळची हात वर करून उभी, पंजाबची पण. घड्याळ संपायचं." मग थांबली. "तेव्हा मला आपली ती मॅच आठवली. बाई, मला मंदाकडं जायचंय."

"कशाला?"

"तिला विचारायचंय, तिनं काय केलं असतं."

जुन्नरहून सकाळची एसटी धरून आम्ही दोघी गेलो. मंदाचं लग्न तिकडंच, शेजारच्या वाडीत झालेलं. दोन मुली. गावच्या शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. आम्ही पोचलो तेव्हा जेवणं आटोपली होती आणि ती ओसरीत स्टीलच्या वाट्या पुसत बसली होती. रूपालीला बघून उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "किती वाळलीस गं रूपे. इंडियावाले जेवाय घालीत न्हाईत का?"

दोघी इतक्या हसल्या की मला वाटलं आता सगळं ठीक आहे.

मग रूपालीनं मॅच सांगितली. नुसती तोंडी. मंदानं ऐकता ऐकता पाच वाट्या पालथ्या मांडल्या, पाच पेले उभे मांडले. "ह्यो पेला तुला चिकटल्याला. बरं. आन तू काय केलं?"

"सुटायला बघत होते. पळत होते."

"कशाला पळायचं? चिकटली ना ती तुला? मंग तिला घिऊन जा की." तिनं एक वाटी आणि तिला लागलेला पेला पार कोपऱ्यात सरकवला. "हितं हुभी ऱ्हा. बॉल मागूच नको. त्यांची सगळ्यात चलाख पोरगी हितं कोपऱ्यात तुला राखीत बसली. आता मदी चार आन चार. तुझ्या चौघी काय कमी हायेत का? सगळ्या आपापल्या राज्याच्या म्हन्तेस."

रूपाली त्या कोपऱ्यातल्या वाटीकडं बघत राहिली. "पूर्ण मॅच? बॉल न मागता?"

"मंग काय झालं?" मंदा म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं की यात अवघड काय आहे.

ही मॅच हिनं बघितली नव्हती. किती वर्षांत बॉल हातात धरला नव्हता. रूपाली नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा मी म्हटलं, "मंदा, तुझं नाव पुण्याच्या माणसांनी नव्हतं खोडलं."

ती वाट्या एकात एक घालत होती. हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय बाई. तवाच कळलं व्हतं."

"कुणी सांगितलं?"

"रूपीनं. शिबिरात पहिल्याच दिवशी ते शिक्रेटरी साहेब सगळ्यांम्होरं म्हनले म्हनं, कोच असावी तर अशी, सोताच्या शाळंची पोरगी सोताच्या हातानं काढली. टाळ्या पडल्या."

टाळ्या मला आठवत होत्या. कशासाठी होत्या ते मी आठवायचं टाळलं होतं. मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? साहेबांनी कागद बघितला, हापिसातल्यांनी कागद बघितला. त्यांचा मला राग न्हाई आला. त्यांनी मला खेळताना बघितलंच नव्हतं." वाट्यांची चळत तिनं उचलली. "तुमी तर तीन वर्सं रोज बघत व्हता, बाई."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तेवढ्यात परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला आणि रूपाली नळावरून पळत येऊन पुढं चढली. तिकडं दिवसातून दोनच गाड्या. मंदानं माझी पिशवी गाडीपर्यंत आणून दिली. "सावकाश चढा, पायरी उंच हाय," म्हणाली. मी खिडकीशी बसून मागं पाहिलं. मला वाटलं होतं ती हात करत उभी असेल. ती केव्हाच आत गेली होती. गाडी सुरू झाली तरी ओसरीतून भांड्यांचा आवाज येत होता.